शब्दचर्चा : ‘थर्मोहॅलाइन सर्क्युलेशन’ मराठीत

प्रश्न : खोल समुद्राच्या पाण्यावर लेख लिहिते आहे. थंड, खारट पाणी जड होऊन बुडतं आणि खोल समुद्रात फिरतं, त्या ‘थर्मोहॅलाइन सर्क्युलेशन’ला ‘उष्ण-क्षारीय प्रवाह’ म्हटलं तर चालेल का? की ‘क्षारता’ऐवजी ‘लवणता’ हवं?

उत्तर : ‘उष्ण’ नको, कारण पाणी बुडतं ते थंड झाल्यावर. ‘प्रवाह’ही नको. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम हा प्रवाह आहे आणि तो बराचसा वाऱ्याच्या जोरावर वाहतो. इथे पाणी बुडतं, तळाशी पसरतं, शेकडो वर्षांनी वर येतं. ‘रक्ताभिसरणा’मुळे ‘अभिसरण’ सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून ‘तापमान-क्षारता अभिसरण’. लांब आहे, पण नेमकं आहे.

‘क्षारता’ खुशाल वापरा. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, म्हणून तिकडे लवणता. आपल्या शाळेत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं, आणि भूगोलातही सागरजलाची क्षारताच शिकवतात. फक्त एकक सांभाळा : सरासरी 35 ग्रॅम मीठ, दर किलो पाण्याला. दर लिटरला म्हटलंत तर चूक, कारण लिटरभर समुद्राचं पाणी साधारण 1.025 किलो भरतं.

आणखी एक उत्तर : लेखात ‘खारट पाणी जड म्हणून बुडतं’ एवढंच लिहू नका. किती खोल बुडेल हे घनतेवर ठरतं, आणि घनतेवर तापमान व मीठ यांचा प्रभाव सगळीकडे सारखा नसतो. 25 अंशांच्या पाण्यात किलोमागे 1 ग्रॅम मीठ वाढलं, तर घनतेवर होणारा परिणाम सुमारे अडीच अंश थंडाव्याइतका. तेच पाणी शून्य अंशाला असेल, तर सुमारे 15 अंशांइतका! म्हणून ध्रुवांकडे मिठाचा शब्द चालतो. बर्फ गोठताना बहुतेक मीठ बाहेर टाकतो, त्याने खालचं पाणी जड होतं. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात असंच घडतं. तिथून तळाला जाणाऱ्या पाण्याची क्षारता जेमतेम 34.6 च्या आसपास असते. उलट भूमध्य समुद्रातून 38 च्या वर क्षारतेचं पाणी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये बाहेर पडतं, पण ते तुलनेने उबदार. वाटेत अटलांटिकचं पाणी मिसळतं आणि ते सुमारे 1000 मीटरवरच थबकतं.

आपला अरबी समुद्र तर उत्तम उदाहरण. हिवाळ्यात उत्तरेकडे कोरडे वारे बाष्पीभवन वाढवतात, 36 च्या वर क्षारतेचं पाणी बुडतं, पण पुरेसं थंड नसल्याने 100 मीटरच्या आसपासच राहतं. उत्तरेला जमीन असल्याने ध्रुवीय थंडी त्याच्या वाट्याला येतच नाही.

पुरवणी : ‘तापमान आणि क्षारतेवर चालणारं’ असं लिहिलं तर निम्मंच सांगितलं जातं. बुडण्याला ती दोन कारणं आहेत. वर येण्याला भरती-ओहोटी आणि वाऱ्याने होणारी घुसळण लागते, शिवाय अंटार्क्टिकाभोवतीचे पश्चिमी वारे खोल पाणी वर ओढतात. ही घुसळण नसती तर तळ थंड पाण्याने भरून अभिसरण मंदावलं असतं. म्हणून व्याख्येत ‘घनतेतील फरकामुळे बुडणारं’ असं लिहा, वर येण्याचं कारण वेगळ्या वाक्यात.