मदत हवी आहे: इंग्रजी वाचलेलं कळतं, नियम पाठ आहेत, पण बोलताना वाक्य अडतं. सराव कसा करावा?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

इंग्रजी मधल्या पातळीचं आहे, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर बी1च्या आसपास. बातम्या, ईमेल नीट कळतात. रिकाम्या जागा भरायच्या स्वाध्यायात चुका कमी होतात. पण बोलताना 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' असं काहीतरी निघून जातं आणि चूक वाक्य संपल्यावर लक्षात येते. वाचताना ओळखीचे वाटणारे शब्दही ऐनवेळी सापडत नाहीत.

व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करावं का? शब्द कसे पक्के करावेत? सोबत बोलायला कुणी नसेल तर संभाषणाचा सराव कसा करायचा? रोज पाऊण तास देता येईल.

मधली_पायरी

पहिल्यापासून अजिबात करू नका. नियम माहीत असणं वेगळं आणि तो बोलण्याच्या वेगात हाताशी येणं वेगळं. रिकामी जागा भरताना सगळं लक्ष त्या एका क्रियापदावर असतं. बोलताना तेच लक्ष काय सांगायचं, कोणता शब्द वापरायचा, समोरच्याला कळतंय का, यांत वाटलं जातं आणि पहिला बळी काळाचा जातो. म्हणून आणखी स्वाध्याय सोडवून हे सुटत नाही.

आधी स्वतःच्या चुका पकडा. कोणत्याही विषयावर दोन मिनिटं बोला, फोनवर रेकॉर्ड करा आणि मग ते शब्दन् शब्द लिहून काढा. मनात दुरुस्त करून लिहू नका, जसं बोललात तसंच, अडखळण्यासकट. तीन-चार वेळा असं केलं की दिसेल की चुका शंभर प्रकारच्या नाहीत, चार-पाच प्रकारच्याच पुन्हापुन्हा येतात. मराठी बोलणाऱ्यांच्या बाबतीत त्या बऱ्याचदा या असतात:

'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठीत खपतं. इंग्रजीत काल, गेल्या आठवड्यात, 2019 मध्ये असा संपलेला काळ वाक्यात आला की साधा भूतकाळच: 'आय सॉ हिम यस्टर्डे'. कधी ते सांगायचं नसेल तेव्हाच 'आयव्ह सीन हिम'.

'दोन वर्षांपासून इथे राहतो' यात मराठी क्रियापद वर्तमानात आहे, म्हणून 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स' तोंडात येतं. त्यात दोन चुका आहेत. हवं ते 'आयव्ह लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स'. सिन्सच्या पुढे सुरुवातीचा क्षण येतो (सिन्स मंडे, सिन्स 2021), फॉरच्या पुढे कालावधी.

'कॅन यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस?' सुरुवातीलाच प्रश्न विचारून झाला, त्यामुळे पुढचा भाग साध्या वाक्याच्या क्रमाने येतो: 'व्हेअर द ऑफिस इज'.

आणि नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. 'डोन्ट यू लाइक इट?' याला आपण 'हो, नाही आवडत' या चालीने 'येस' म्हणतो, समोरच्याला वाटतं आवडतं. इंग्रजीत प्रश्न कसाही असो, उत्तर नकारार्थी असेल तर 'नो, आय डोन्ट'. यावरून खरेखुरे गैरसमज होतात, म्हणून हे आधी सुधारा.

एका वेळी एकच चूक घ्या. तिच्यावर स्वतःबद्दलची दहा खरी वाक्यं मोठ्याने बोला, मग त्यांचे नकार, मग प्रश्न. त्यानंतर तो काळ टाळताच येणार नाही असा विषय निवडून बोला. सिन्स-फॉरसाठी 'मी सध्या करत असलेल्या आणि बरीच वर्षं चाललेल्या गोष्टी' हा विषय चांगला. नव्या रेकॉर्डिंगमध्ये ती चूक दिसेनाशी झाली की पुढची घ्या.

शब्दसाठा

व्याकरणाबद्दल वर चांगलं आलंय, मी शब्दांपुरतं लिहिते.

ओळखता येणारे आणि वापरता येणारे शब्द या दोन वेगळ्या याद्या असतात. तुमची पहिली यादी मोठी आहे, म्हणून नवे अवघड शब्द गोळा करण्यापेक्षा ओळखीचे शब्द वापरात आणा. 2013 साली प्रसिद्ध झालेली न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट नावाची सुमारे 2800 शब्दांची यादी इंटरनेटवर फुकट मिळते. ती वाचत जा आणि ज्या शब्दाचं वाक्य पाच सेकंदांत बोलता येत नाही त्यावर खूण करा. अर्थ माहीत असलेल्या कितीतरी शब्दांवर खूण होईल: मॅनेज, अफोर्ड, अव्हॉइड, डील.

खूण केलेल्या शब्दाचं कार्ड करा, पण सुटा शब्द आणि त्याचा अर्थ असं नको. त्याने ओळखच पक्की होते, आणि ती तुमच्याकडे आहेच. पुढच्या बाजूला प्रसंग मराठीत लिहा: 'आता थांबणं परवडणार नाही'. मागे पूर्ण वाक्य: 'वी कान्ट अफोर्ड टू वेट'. असं केल्याने अफोर्डच्या पुढे 'टू' येतो हेही सोबत पक्कं होतं. अव्हॉइडच्या पुढे 'टू' चालत नाही, 'अव्हॉइड टॉकिंग' हवं. हे नियम म्हणून लक्षात ठेवणं जड जातं, वाक्य म्हणून जात नाही.

उजळणी वाढत्या अंतराने: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने. चुकलं तर कार्ड पुन्हा पहिल्या पायरीवर. ॲन्की हे ॲप ही अंतरं आपोआप सांभाळतं. रोज सहा ते आठ नवी कार्डं पुरे. सुरुवातीच्या उत्साहात लोक तीस-तीस घालतात, मग दोन आठवड्यांत रोजची उजळणी काही शेकड्यांवर जाते आणि ॲप उघडणंच बंद होतं. उत्तर मनात नको, तोंडाने.

ऐसपैस

एकट्याने बोलण्याच्या सरावासाठी 4-3-2 ही पद्धत वापरा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनात ती वारंवार येते. मूळ रूपात एकच विषय तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना अनुक्रमे चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगायचा असतो. आशय तोच राहिल्यामुळे प्रत्येक फेरीत डोक्यावरचा भार कमी होतो आणि वाक्यं लवकर जुळतात. श्रोता नसेल तर रेकॉर्डर चालतो. चार मिनिटं जड वाटली तर 3-2-1 करा.

यात नेहमी बिघडतं ते असं: दुसऱ्या फेरीत लोक वेग वाढवण्याऐवजी मजकूर गाळतात. म्हणून आधी कागदावर पाच मुद्दे, प्रत्येकी दोन शब्दांत लिहा आणि तिन्ही फेऱ्यांत पाचही यायलाच हवेत असं ठरवा. पूर्ण वाक्यं लिहू नका, नाहीतर ते वाचन होतं. दोन फेऱ्यांच्या मधे जिथे अडलात ती एकच जागा शब्दकोशात बघा. नाहीतर तीच चूक तीनदा बोलून घट्ट होते.

शब्द आठवला नाही की थांबायचं नाही, वळसा घालायचा. 'इट्स अ थिंग यू यूज टू...', 'इट्स द अपोझिट ऑफ...', 'इट्स अ काइंड ऑफ...' या तीन सुरुवाती तोंडपाठ करा. घरातल्या वस्तूंकडे बघत त्यांचं नाव न घेता वर्णन करा, रोज पाच वस्तू. ऐकलेलं कळलं नाही तर नुसतं 'व्हॉट?' नको, कळलेला भाग सांगून उरलेला विचारा: 'यू सेड द मीटिंग मूव्ह्ड टू व्हेन?'

विनंतीचं एक बघाच. मराठीत 'दे' आणि 'द्या' यातच आदर येऊन जातो. इंग्रजी क्रियापदात ती सोय नाही, म्हणून 'गिव्ह मी द फाइल, प्लीज' प्लीज लावूनही हुकमासारखं ऐकू येऊ शकतं. 'कुड यू पास मी द फाइल?' किंवा 'वुड यू माइंड वेटिंग अ मिनिट?' याची सवय लावा. मात्र या दुसऱ्या प्रश्नाला होकार द्यायचा तर 'नॉट ॲट ऑल', कारण प्रश्न 'हरकत आहे का' असा आहे.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, खूपच उपयोगी. दोन शंका. ए, ॲन, द कुठे लावायचं यात कायम गोंधळ होतो. आणि मनात मराठीतून भाषांतर करणं पूर्ण बंद करावं का?

मधली_पायरी

आर्टिकलसाठी आधी एवढंच पाळा: मोजता येणारं एकवचनी नाम उघडं सोडायचं नाही. त्याच्या आधी ए, ॲन, द, माय, धिस यांपैकी काहीतरी हवंच. 'आय बॉट फोन' नाही, 'आय बॉट अ फोन'. कोणता फोन हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असेल तर 'द'. लिहून काढलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अशी नामं अधोरेखित करून तपासा. अपवाद आहेत ('गो टू बेड', 'बाय बस'), ते जोडीनेच पाठ करा. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज यांना ना 'ए' किंवा 'ॲन', ना शेवटी 'स'.

भाषांतर बंद होत नाही, आणि जबरदस्तीने करूही नये. शब्दाला शब्द ठेवणं मात्र सोडा, पूर्ण वाक्याला पूर्ण वाक्य शोधा. चांगला इंग्रजी परिच्छेद मराठीत लिहा, दोन दिवसांनी मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत आणा आणि मग ताडून बघा. फरक जिथे पडेल तिथे तुमचं मराठी डोकावतंय.

ऐसपैस

याच्याशी अर्धाच सहमत. लिहिताना हे उत्तम, पण बोलण्याच्या दिवशी नको, वेग मरतो. आठवड्यातून एकदा ठेवा. रोजच्या पाऊण तासात दहा मिनिटं कार्डं, पंधरा मिनिटं त्या आठवड्याच्या चुकीचा सराव, पंधरा मिनिटं 4-3-2, उरलेली पाच ऐकून तसंच म्हणण्यासाठी. वेळ कमी पडला तर कार्डं कापा, बोलणं नको.

शब्दसाठा

ऐकून म्हणताना भूतकाळाच्या 'ईडी'कडे लक्ष द्या. 'आय वॉक होम यस्टर्डे' ही चूक कित्येकदा व्याकरणाची नसून उच्चाराची असते. वॉक्ड म्हणजे 'वॉक्ट', प्लेड म्हणजे 'प्लेऽड', आणि मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळं अक्षर: 'वॉन्टिड', 'नीडिड'. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर तो ट त्याला चिकटतो, 'वॉक्ड इन' हे 'वॉक्-टिन' असं ऐकू येतं. सरावाला अशीच वाक्यं आधी घ्या. पुढे व्यंजन आलं की ट दबतो आणि ऐकूनही पटकन कळत नाही.