मदत हवी आहे: अ‍ॅमेझॉनकाठच्या शाळेत शिकवायला जायचंय

नमस्कार मंडळी. पेरूतल्या इकितोसजवळ, नदीकाठच्या एका गावात दोन महिने मुलांना गणित शिकवायला जायचं घाटतंय. इकितोसला बाहेरून रस्ताच नाही. विमान नाहीतर बोट, आणि पुढे गावापर्यंत होडी. तिथलं शालेय वर्ष मार्च ते डिसेंबर, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर धरलंय. तेव्हा नदी उतरलेली असते, म्हणजे काठावरचा चिखल तुडवणं आलंच.

पिवळ्या तापाची लस निदान 10 दिवस आधी घ्यायची, एवढं कळलंय. दाखला नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात म्हणे. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल मात्र दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या.

खरी अडचण भाषेची. माझं स्पॅनिश 'नमस्कार, पाणी द्या' इतपतच. सहा महिन्यांत वर्गात उभं राहण्याएवढं येईल का?

आणि संस्था खरी की पर्यटनाचा धंदा, हे कसं ओळखायचं? माझ्याकडे आठवड्याला बरीच रक्कम मागितलीय. शाळेतल्या शिक्षकांशी बोलायचंय म्हटलं, तर उत्तरच नाही.

आईचा प्रश्न वेगळाच: "दोन महिने लळा लावून निघून येणार, मग त्या पोरांचं काय?" कोणी असं काम करून आलं असेल तर यावरही सांगा.