मदत हवी आहे: लिटरभर डिझेल म्हणजे माणसाचे किती दिवसांचे श्रम?

मंडळी, एक हिशेब पडताळायचा आहे. 1 लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. धडधाकट माणूस दिवसभर 75 वॅटच्या आसपास काम देतो, म्हणजे 8 तासांत 0.6 युनिट. सरळ भागाकार केला की 16-17 दिवस येतात. पण हा भागाकार फसवा आहे: एकीकडे उष्णता धरली, दुसरीकडे प्रत्यक्ष काम! छोट्या इंजिनात जवळपास पाऊण ऊर्जा धूर आणि उष्णतेतून निघून जाते. शाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, अडीच युनिट मिळाली, तर उत्तर 4 दिवस.

पंपाची कार्यक्षमता 50 टक्के धरली, तर 10 मीटर खोल विहिरीतून लिटरभर डिझेलमागे 45,000 लिटर पाणी निघायला हवं. प्रत्यक्षात किती निघतं?

कुणाकडे 5 एचपीचा डिझेल पंप असेल तर कृपया मोजून सांगा. टाकी काठोकाठ भरा, तासभर चालवा, पुन्हा भरताना लागलेलं डिझेल मोजा. 200 लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो तेही हवं. विहिरीची पातळी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा घ्या. उपसा सुरू झाला की ती खाली जाते.

माणसाच्या कामाशी तुलना करायला हाताने ओढायच्या रहाटाचे आकडेही हवेत: बादली किती लिटरची, 10 मिनिटांत किती बादल्या. मोजणी तासभर ओढल्यानंतरची करा, ताज्या दमाचा वेग दिवसभर टिकत नाही.