बाळगुटी, धुरी, काजळ: सरसकट बंद?

रानजाई:
आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत फर्मान काढलं. गुटी, धुरी, काजळ सगळं बंद, मालिशवाल्या मावशीही नकोत. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. दुधाचं मान्य. बाकी सरसकट ‘बंद’ म्हणणं मला आळस वाटतो. मावशी सहाणेवर हळकुंडाचे, मुरुडशेंगेचे वेढे मोजून देतात, जायफळाचा जेमतेम अर्धा. "जायफळ जास्त झालं की पोर गुंगतं," हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

खडूस:
तुमच्या मावशी मोजतात हो, शेजारची आजी मोजते का? बाळ शांत झोपलं की गुटी लागू पडली म्हणायचं, ते गुंगलंय हे कुणाच्या लक्षात येतं? शिवाय गुटी मधात कालवतात. वर्षाच्या आत मध म्हणजे बोट्युलिझमची, जिवावर बेतणाऱ्या विषबाधेची भीती. काजळात शिसं सापडतं. नाकात तेल सोडलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. आणि गंमत बघा, गाईच्या चिकाचा खरवस मिटक्या मारत खायचा, आईचा चीक मात्र पिळून फेकायचा!

रानजाई:
चीक फेकणं चूकच, त्याची बाजू घेतलीय कुठे मी? तेल लावून अंग रगडण्यात काय वाईट, ते सांगा.

खडूस:
हलक्या हाताने लावा की, कोण अडवतंय. पण ‘परंपरा’ म्हटलं की तेलच का आठवतं? मेळघाटात तान्ह्याचं पोट फुगलं की तापल्या विळ्याने चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. तेही पिढीजातच आहे.

माजघर:
डंबा कायद्याने थांबेल, पण त्या आईला समजावणार कोण? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत त्याच गावांतल्या बायकांना आरोग्यदूत केलं, सुइणींनाही सोबत घेतलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. ओळखीची बाई घरात आली म्हणून दार उघडलं गेलं.

खडूस:
बरोबर, पण तिच्या पिशवीत थर्मामीटर आणि इंजेक्शन होतं. सहाण नव्हती.

माजघर:
इंजेक्शन होतं, मान्य. ते टोचू दिलं कुणी? तिच्या जागी शहरातला अनोळखी डॉक्टर असता तर आजीने बाळ पदराखालून काढलं नसतं.

बांधावरची:
तुमचं चालू द्या. मला विचाराल तर या सगळ्यातली शहाणपणाची गोष्ट एकच, बाळंतिणीचा सव्वा महिना. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कामाला हात नाही. पण तो मिळतो कुणाला? आमच्याकडे निंदणीला जाणारी बाई तान्हं बांधावर झोळीत टाकून वाफ्यात उतरते. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५००० रुपये, तेही हप्त्यांनी. त्यात किती दिवसांची मजुरी निघते, हिशेब करा.