‘मोबाइल असताना ईएलटी कशाला?’ : इंदूरच्या छोट्या विमानमालकांसाठी एक लांबलेले उत्तर

मालवापठार (धागाकर्ता)

काल येथे एका सभासदांनी लिहिले की ते आणि त्यांचे तीन मित्र मिळून जे जुने सेसना १७२ घेत आहेत, त्यात नवा ईएलटी, म्हणजे विमान आपटल्यावर आपोआप संकटसंदेश पाठवणारा बीकन, बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. खिशात मोबाइल, त्यावरून घरच्यांना पाठवलेले लाइव्ह लोकेशन आणि जमल्यास परदेशातून मागवलेला हातातला सॅटेलाइट ट्रॅकर एवढे पुरते, कारण ‘अपघात झाला की ईएलटी नेमका मुका होतो’, असे त्यांचे म्हणणे. मी दुर्लक्ष करणार होतो, परंतु त्याखाली पसंतीचे अंगठे पडत गेलेले पाहिले आणि राहवले नाही.

मोबाइलचे टॉवर जमिनीवरच्या माणसांसाठी उभारलेले असतात आणि त्यांचे अँटेना खालच्या बाजूला झुकवलेले असतात. इंदूरच्या धावपट्टीवरून उडून सिमरोल-चोरलच्या दऱ्या ओलांडल्या आणि पठाराची कड मागे पडून निमाड सुरू झाला की फोन कधी या टॉवरला, कधी त्या टॉवरला चिकटतो आणि दरीत उतरल्यावर कोणालाच चिकटत नाही. आणि आपण उतरणार असू ते दरीतच. महामार्गाशेजारी इंजिन बंद पडण्याचे भाग्य सर्वांना लाभत नाही.

दुसरे असे की ‘ईएलटी मुका होतो’ हे वाक्य बहुतेकदा जुन्या १२१.५ मेगाहर्ट्‌झच्या डब्यांच्या अनुभवावरून आलेले असते. १ फेब्रुवारी २००९ पासून कोस्पास-सारसॅट या संकटसंदेश टिपणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या उपग्रहांनी तो आवाज टिपणेच बंद केले आहे. तुमच्या जुन्या सेसनाच्या शेपटीत तसलाच डबा पडून असेल, तर त्याचे ऐकणारे फक्त जवळून जाणारे एखादे विमान किंवा विमानतळाचा नियंत्रण टॉवर. ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन ही वेगळीच वस्तू आहे. तो सुमारे ५ वॉट शक्तीने साधारण दर ५० सेकंदांनी स्वतःची ओळख सांगणारा डिजिटल संदेश पाठवतो, बंगळूर आणि लखनौ येथील भूकेंद्रांच्या साहाय्याने तो बंगळूरच्या नियंत्रण केंद्रात पोहोचतो, आणि बीकनला जीपीएस जोडलेले असेल तर जागा शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत कळते. जीपीएस नसेल तरी डॉप्लरच्या गणिताने, म्हणजे उपग्रह सरकताना संदेशाच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून, पाचेक किलोमीटरच्या आत. म्हणून माझे मत सरळ आहे : जीपीएस जोडलेला ४०६ घ्या, बाकीचे लाड नंतर.

निमाडी_पंख

आपल्या ज्येष्ठतेचा मान राखून लिहितो, परंतु आपण सोयीचे तेवढेच मांडले आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी जमशेदपूरहून उडालेले सेसना १५२ चांडिलच्या जलाशयात गेले. आतील दोघांचे मृतदेह दोन दिवसांनी सापडले आणि विमान त्याहूनही नंतर नौदलाने बाहेर काढले. पाण्याखालून ४०६ चा संदेश उपग्रहापर्यंत जात नाही, हे भौतिकशास्त्र आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. आपल्या दक्षिणेला इंदिरा सागर आहे, ओंकारेश्वरचे धरण आहे, पुढे सरदार सरोवराचे पाणी पसरलेले आहे. तेथे आपला शंभर मीटरवाला बीकन काय करणार?

२००७ च्या सप्टेंबरात नेवाडातून एकटेच उडालेले साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट यांचे उदाहरण घ्या. विमानात ईएलटी होता, संदेश आला नाही, आणि अवशेष सापडायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. ईएलटी हा धडकेनंतर जागा होणारा पहारेकरी आहे. ट्रॅकर धडकेच्या आधीपासून वाटेत खुणा टाकत जातो, त्यामुळे पुढे तो जळाला काय किंवा बुडाला काय, शेवटची खूण कोणाच्या तरी पडद्यावर राहतेच. ज्या पिढीने चकती फिरवायच्या फोनवरून फ्लाइट प्लॅन दिले, तिला हा फरक कळायला वेळ लागतो, हे मी समजू शकतो.

तारजोड

फॉसेट यांच्या विमानातला डबा १२१.५ चा होता, म्हणजे ते उदाहरण मालवापठार यांच्याच बाजूचे आहे. ट्रॅकरच्या खुणांचा हिशेबही मांडून पाहावा. १०० नॉट वेगाने उडताना दर १० मिनिटांनी खूण पडत असेल, तर दोन खुणांमध्ये जवळपास ३१ किलोमीटर जातात. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३,००० चौरस किलोमीटर भरते. जीपीएसविना ४०६ चे डॉप्लरचे वर्तुळ ८० चौरस किलोमीटरच्याही आत राहते. ट्रॅकर घ्यायचाच असेल तर दोन मिनिटांच्या अंतराचा घ्यावा आणि त्याचे मासिक शुल्क भरण्याची तयारी ठेवावी.

आता माझ्या कामाची गोष्ट. माझे आयुष्य विमानांच्या शेपटीत डोके घालून गेले आहे आणि बीकन मुका का होतो हे मी तेथूनच पाहिले आहे. सामानाच्या कप्प्यामागे तो नारिंगी डबा नायलॉनच्या चिकटपट्टीने (वेल्क्रोने) बांधलेला असतो. पट्टी वर्षानुवर्षे उन्हात आणि तेलकट धुळीत राहून ढिली पडते, आणि तपासणीच्या वेळी डबा हातात घेऊन हलवला तर तो आपल्या तबकातच डुलतो. ९ ऑगस्ट २०१० रोजी अलास्कात सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचे विमान पडले, तेव्हा ईएलटी तबकातून निसटून अँटेनापासून तुटला होता. नऊपैकी चार जण जिवंत होते आणि त्यांना शोधायला तास गेले. त्यानंतर अमेरिकेने नव्या बीकनसाठी चिकटपट्टीचा प्रकारच बाद केला. नासाने २०१५ मध्ये तीन सेसना १७२ मुद्दाम आपटून पाहिली, त्यातही लक्ष याच गोष्टींवर होते : डबा कुठे बसवला आहे, पट्टी कशी आहे, केबल कोठून नेली आहे. तेव्हा कोणता बीकन घ्यायचा यावर वाद घालण्याआधी तो कसा बसवणार हे ठरवा. धातूचा पट्टा, डब्यापासून अँटेनापर्यंत शक्य तितकी आखूड केबल, आणि त्या केबलला थोडी ढील, म्हणजे शेपूट वाकली तरी ती उपटून येणार नाही.

हरणी_रोड

बडोद्याहून लिहितो आहे. येथे सर्व जण ट्रॅकर ‘परदेशातून मागवा’ असे इतक्या सहजपणे म्हणत आहेत की मला हसू आवरेना. आपल्या देशात इरिडियम या परदेशी उपग्रहजाळ्यावर चालणारा हातातला संदेशक परवान्याशिवाय बाळगणे हाच गुन्हा आहे. १९३३ चा वायरलेस कायदा त्यासाठी वर्षानुवर्षे पुरून उरला. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना हेच यंत्र पिशवीत सापडले म्हणून अडकवण्यात आले. जे यंत्र जगभरातले गिर्यारोहक कमरेला अडकवून फिरतात, ते मी माझ्या विमानात ठेवले तर मी संशयित ठरतो. मी रीतसर परवानगीसाठी अर्ज केला होता. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने पहिल्याकडे, आणि शेवटी मिळालेल्या पत्रात माझ्या अर्जाचा क्रमांकसुद्धा चुकीचा होता. निमाडी_पंख यांनी ट्रॅकरचा इतका पुरस्कार केला आहे, तेव्हा तो कोणत्या मार्गाने विमानात ठेवायचा हेही त्यांनी सांगावे.

मालवापठार

ही बंदी हवेतून आलेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत आलेल्यांकडे थुराया उपग्रह फोन होता. त्यानंतर कोणतेही शासन उपग्रह यंत्रांच्या बाबतीत सैल राहिले नसते. बीएसएनएलमार्फत इन्मारसॅटवरचा फोन परवानगी घेऊन मिळतो, तेवढी वाट खुली आहे. आणि ज्यासाठी पोलीस ठाण्यात बसावे लागेल, ते यंत्र येथे नव्या वैमानिकांना सुचवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

निमाडी_पंख

बेजबाबदार हा शब्द आपण परत घ्यावा. मी कोणालाही कायदा मोडायला सांगितलेले नाही; कायदा चुकीचा आहे असे म्हणतो आहे, आणि या दोहोंतला फरक आपल्यासारख्या अनुभवी माणसाला कळू नये याचे आश्चर्य वाटते. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराला इस्रोने २०१० पासून संकटसूचक यंत्र दिले आहे. २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात संदेश पोहोचल्याची पोचही उलट मिळते. म्हणजे तंत्रज्ञान देशातच आहे, उपग्रह देशाचे आहेत, सुरक्षेची शंका घेण्याचे कारण नाही. तेच यंत्र छोट्या विमानासाठी थोडे बदलून का दिले जात नाही? कारण आपण सारे मिळून मागणीच करत नाही. आपण येथे बसून एकमेकांना १९३३ चा कायदा वाचून दाखवतो.

हरणी_रोड

मागणी करत नाही? माझे अर्जाचे भारे पाहायला या. मच्छीमारांच्या पाठीशी किनाऱ्यावरची हजारो मते आहेत. खासगी विमान उडवणारे आम्ही सगळे एका मिनीबसमध्ये मावू. शिवाय ‘विमान आहे म्हणजे श्रीमंताचा छंद’ हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकावे लागते, ते वेगळेच. सुरक्षेचे कारण पुढे करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे : ज्या यंत्राचा प्रत्येक संदेश नोंदणीकृत नावावर आणि अचूक स्थानासह जातो, ते वापरून लपायचे कोणी?

विजयनगर_पालक

मी वैमानिक नाही. माझी मुलगी प्रशिक्षण घेते आहे आणि सध्या तिची एकटीची क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतची, उड्डाणे सुरू आहेत. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडले, त्यात दोघेही गेले, आणि तेव्हापासून तिचे विमान उतरल्याचा निरोप येईपर्यंत मी घरात एका जागी बसू शकत नाही. तुम्ही सर्व जाणकार आहात. पण गेले कित्येक प्रतिसाद परवान्यावर चालले आहेत आणि ज्याच्या हातात परवाना नाही त्याने आज काय करावे हे कोणीच सांगत नाही. मी तिच्या प्रशिक्षकांना नेमके काय विचारू?

तारजोड

ताई किंवा दादा, जे असाल ते, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत कामाचा आहे.

पहिले विचारा की बीकनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यातला फोन आज कोण उचलतो. ४०६ चा संदेश आला की नियंत्रण केंद्र नोंदीतल्या क्रमांकावर चौकशी करते, कारण अशा संदेशांत बहुसंख्य खोटे असतात. मी पूर्वी ज्या हँगरमध्ये होतो, तेथे एका विद्यार्थ्याने विमान इतक्या जोराने टेकवले की झटक्याने बीकन सुरू करणारा जी-स्विच लागला. केंद्राचा फोन गेला विमानाच्या आधीच्या मालकाला, कारण विकताना नोंद बदललीच नव्हती. त्या गृहस्थांनी ‘माझे विमान कधीच विकले, मला त्रास देऊ नका’ असे सांगून फोन ठेवला. ४०६ चा बीकन जवळच्यांसाठी १२१.५ वरही आवाज काढतो; टॉवरमध्ये ती किंचाळी ऐकू येत होती म्हणून आम्हाला कळले. विमान धावपट्टीवर होते म्हणून ठीक. ते मांडूच्या काकडा खोहमध्ये असते तर? परदेशातून आणलेल्या विमानात तर बीकनचा संकेतच मूळ देशाचा राहतो. तो नव्याने भरून घ्यावा लागतो, भारताचा संकेत ४१९ आहे.

दुसरे, बॅटरीची मुदत. तिची तारीख डब्यावरच लिहिलेली असते, पाहायला परवानगी लागत नाही.

तिसरे विचारा की मुलीला कॉकपिटमधल्या ईएलटीच्या कळीवर बोट ठेवायला कधी शिकवले आहे का. पॅनेलवर लहानशी कळ असते, ती बहुतेक प्रशिक्षणात दाखवून पुढे गेलेले असते. इंजिन ३,००० फुटांवर बंद पडले तर सेसना १७२ मिनिटाला साधारण ७०० फूट उतरत चार मिनिटे तरंगते. कळ तेव्हाच दाबली तर जमिनीला टेकण्याआधीच चार संदेश वर गेलेले असतात, जीपीएस जोडलेले असेल तर जागेसह. मग डबा पाण्यात गेला काय किंवा जळाला काय. धडकेची वाट पाहिली तर पहिला संदेश निघायलाच पन्नासेक सेकंद लागतात, आणि आगीला तेवढे पुरतात.

निमाडी_पंख

हा मुद्दा मला मान्य करावा लागतो आहे, आणि तो तारजोड यांनी मांडला म्हणून मान्य करतो. धागाकर्त्यांनी सहा परिच्छेद लिहूनही कळीचा उल्लेख केला नव्हता. चांडिलचा माझा आक्षेप यामुळे अर्धा गळतो. उरलेला अर्धा असा की इंजिन बंद पडण्याऐवजी ढगात शिरून डोंगर लागला, तर कळ दाबायला चार मिनिटे कोण देणार? २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रच्या मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात पडले तेव्हा देशाची सारी यंत्रणा शोधत असूनही ते दुसऱ्या दिवशी सापडले. तेथे वाटेतल्या खुणाच कामाला येतात.

मालवापठार

परिच्छेद तीनच होते, मोजून पाहावेत. कळीचा उल्लेख राहिला, कारण ती दाबायची असते हे माझ्या पिढीला सांगावे लागत नसे. चकती फिरवायच्या फोनचे हे एक बरे होते. असो. ढग आणि डोंगर यांबाबत तुमचे म्हणणे चुकीचे नाही. पण त्यासाठी आज, कोणत्याही परवान्याशिवाय, एक खूण ठेवता येते : फ्लाइट प्लॅन भरणे, दर वीस मिनिटांनी रेडिओवर आपली जागा सांगणे, आणि उतरण्याच्या ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने फोन करायला जमिनीवर एक नेमका माणूस ठेवणे. मोबाइलचे लाइव्ह लोकेशनही चालू ठेवा, मिळाले तर मिळाले. शोधपथकांना फोनच्या शेवटच्या टॉवरचा उपयोग झालेला आहे, हे मी नाकारत नाही. मी फक्त त्यावर जीव टांगायला नको म्हणतो.

चौघे मिळून विमान घेणाऱ्यांना माझे उत्तर तेच आहे : जीपीएस जोडलेला ४०६, धातूच्या पट्ट्याने बसवलेला, चौघांपैकी फोन उचलणाऱ्याच्या क्रमांकावर नोंदलेला. ट्रॅकरचा परवाना मिळाला तर जरूर लावा.

विजयनगर_पालक

तीनही प्रश्न लिहून घेतले आहेत. सोमवारी विचारतो.

हरणी_रोड

‘परवाना मिळाला तर’ या तीन शब्दांत मालवापठार यांनी माझी पाच वर्षे गुंडाळून टाकली, त्याबद्दल आभार. या वेळच्या अर्जात मच्छीमारांच्या यंत्राचा दाखला जोडतो आहे; ती कल्पना निमाडी_पंख यांची आहे, तेव्हा नकारपत्राची एक प्रत त्यांनाही पाठवीन.