मदत हवी आहे: 'वेस्ट नॉट, वॉन्ट नॉट' पाण्याच्या पाटीवर चालेल का?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत टाकीजवळ पाटी लावायची आहे. मराठी मजकूर ठरलाय, पण खाली इंग्रजीत 'वेस्ट नॉट, वॉन्ट नॉट' हवंच असा सेक्रेटरींचा हट्ट.

इथे 'वॉन्ट' म्हणजे इच्छा नाही, उणीव. हा जुना अर्थ. उधळलं नाही तर उणं पडत नाही, इथपर्यंत समजलं. अडलंय ते वापरावर. उरलेलं अन्न संपवताना किंवा जुना कपडा परत वापरताना इंग्रज लोक हे म्हणतात, असं वाचनात येतं. मग नळाच्या पाण्याला ते शोभेल का? की आपल्या 'खाऊन माजावं, टाकून माजू नये'सारखं ते ताटाशीच जास्त जुळतं? आणि वाचणाऱ्याला उपदेश वाटेल की आजीचा प्रेमळ टोमणा? तिकडे राहून आलेल्यांनी जरूर सांगा.

'सेव्ह वॉटर' सुचवू नका, ते वाचून कुणी नळ बंद केलेला मी तरी पाहिला नाही! गंगापूर धरण भरल्याची बातमी आली की आमच्याकडे गाड्या पाइप लावूनच धुतात.

पेंटर रविवारी येतोय, त्याआधी कळवलंत तर बरं होईल.