फ्राने मातोशिचला 'एका क्लबचा माणूस' म्हणायचं का?

दर्यावर्दी:

मर्चंट नेव्हीत असताना माझं जहाज दोनदा स्प्लिटला लागलं. एड्रियाटिकच्या काठचं क्रोएशियन बंदर. गावात पाऊल ठेवलं की भिंतींवर, जिन्यांखाली, धक्क्याच्या कठड्यांवर एकच वाक्य रंगवलेलं दिसतं, 'हायदुक झिवी व्येच्नो'. म्हणजे हायदुक अमर आहे. हायदुक हा तिथला फुटबॉल क्लब. १९११ साली प्रागला शिकायला गेलेल्या स्प्लिटच्या पोरांनी एका बिअरच्या अड्ड्यावर बसून काढलेला. दुसऱ्या खेपेला शिपिंग एजंटकडचा एक वयस्कर कारकून मला क्लबचं जुनं मैदान दाखवायला घेऊन गेला. आता तिथे रग्बी चालतं. त्यानं बुटाच्या टाचेनं मातीत एक रेघ ओढली, साधारण पेनल्टी एरियाच्या कडेला, आणि म्हणाला, "फ्राने इथून मारायचा." आडनाव घ्यायची त्याला गरजच वाटली नाही.

आडनाव मातोशिच. जन्म स्प्लिट, २५ नोव्हेंबर १९१८. सोळाव्या वर्षी हायदुकच्या पहिल्या टीममध्ये. मैत्रीपूर्ण सामने धरून ७३९ सामन्यांत ७२९ गोल. क्लबच्या इतिहासात त्याच्या पुढे कोणी नाही.

मुद्दा त्याच्या खेळाचा नाही. त्याला जे निष्ठेचं दैवत केलंय, त्याचा आहे. १९३८ मध्ये हाच मुलगा हायदुक सोडून बेलग्रेडच्या बेएसका क्लबमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यासोबत युगोस्लाव्हियाची लीग जिंकला. आज हे कोणाला साधं ट्रान्सफर वाटेल. पण तो काळ आठवा. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता; राजधानी सर्बांचं बेलग्रेड, आणि क्रोएटांचं मुख्य शहर झाग्रेब. १९२८ मध्ये बेलग्रेडच्या संसदेत क्रोएशियन शेतकरी पक्षाचे नेते स्त्येपान राडिच यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातच ते गेले. जानेवारी १९२९ मध्ये राजा अलेक्झांडरनं संसद गुंडाळून हुकूमशाही आणली. फुटबॉल संघटनेचं मुख्यालय १९१९ पासून झाग्रेबला होतं, तेही उचलून बेलग्रेडला नेलं. त्याच्या निषेधार्थ क्रोएशियन क्लबांच्या खेळाडूंनी १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपवर पाणी सोडलं. त्याच बेलग्रेडला आठ वर्षांनी स्प्लिटचा सगळ्यात गुणी पोरगा जातो आणि तरी तोच निष्ठेचं प्रतीक ठरतो, हे मला पटत नाही. मला तो आवडतो, पण बेलग्रेडची ती वर्षं वगळून त्याची गोष्ट सांगू नये.

शरयू:

मला तुमचं म्हणणं मुळापासून चुकीचं वाटतं. एकोणीस वर्षांच्या पोरावर तुम्ही संसदेतल्या खुनाचं ओझं टाकताय.

त्याच्या जागी उभं राहून बघा. हायदुक लीग जिंकला १९२७ ला आणि १९२९ ला. त्यानंतर महायुद्धापर्यंत युगोस्लाव्ह लीग एकदाही नाही. त्याच काळात बेएसकानं पाच वेळा जिंकली. गोल मारायची भूक असलेला मुलगा जिथे जिंकता येतं तिथे गेला. आणि परत कधी आला? १९४० ला. म्हणजे ऐन बहरात, एकवीस-बावीसचा असताना. करिअर आटोपल्यावर आठवणी काढत येणं वेगळं, आणि चालू बाजारभाव सोडून येणं वेगळं. घर कधीच न सोडलेल्या माणसाला निष्ठा सिद्धच करावी लागत नाही. हा गेला, त्यानं दुसरीकडचं बघितलं, आणि तरी आला.

कट्ट्यावरचा:

दर्यावर्दींच्या बाजूनं. १९३० चा त्याग नीट समजून घेतल्याशिवाय १९३८ कळत नाही.

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हिया पोर्तुगालकडून २-१ हरला. तो एकुलता एक गोल कोणाचा? हायदुकच्या मिर्को बोनाचिचचा. त्याच हायदुकचे ल्युबो बेंचिच, लेओ लेमेशिच तेव्हा ऐन भरात. १९२८ चा विजेता झाग्रेबचा ग्राजान्स्की, १९२९ चा हायदुक. म्हणजे लागोपाठ दोन वर्षांच्या विजेत्यांचा एकही माणूस नसलेली टीम वर्ल्ड कपसाठी उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओला गेली. आणि ती टीम काय करून आली? ब्राझीलला २-१ हरवलं, बोलिव्हियाला ४-०, थेट सेमीफायनल. तिथे उरुग्वेनं ६-१ धुतलं, पण पोचले ना! यात बेंचिच आणि लेमेशिच असते तर? या लोकांना पुन्हा वर्ल्ड कप मिळाला नाही. १९३४ ला युगोस्लाव्हिया पात्र ठरला नाही, १९३८ ला पोलंडनं बाहेर काढलं. त्यांनी जे गमावलं ते कायमचं गेलं. स्प्लिटच्या भिंतींवर निष्ठेचं नाव रंगवायचंच असेल तर बेंचिचचं रंगवा.

अण्णा_सोलापूर:

त्याग मोठा होता, मान्य. पण तो कोणाविरुद्ध केला हे कोणी बोलत नाही. चिडायचं होतं राजावर आणि मुख्यालय पळवणाऱ्या पदाधिकाऱ्यांवर. त्यातल्या एकाचंही काही अडलं नाही. नुकसान झालं ते खेळाडूंचं.

आणि 'बेलग्रेड' म्हणजे कोण, तेही बघा. त्या १९३० च्या टीमचा कॅप्टन मिलुतिन इव्कोविच. डॉक्टर होता आणि डाव्या विचाराचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकविरुद्धच्या मोहिमेत उतरला. १९४३ च्या मे महिन्यात त्याला बेलग्रेडजवळच्या यायिन्त्सीला नेऊन गोळ्या घातल्या. हा माणूस राजाचा हस्तक होता का? ब्राझीलविरुद्ध पहिला गोल मारणारा तिर्नानिच तर वीस वर्षांचाही नव्हता. या पोरांनी झाग्रेबचं काही लुटलं नव्हतं. मग त्यांच्या शहरात खेळायला गेला म्हणून मातोशिच बाटला, हे मला अजिबात मान्य नाही.

कट्ट्यावरचा:

अण्णा, बहिष्कार माणसांविरुद्ध नसतोच, व्यवस्थेविरुद्ध असतो. आपल्याकडचंच घ्या. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला आणि मुंबईची चौरंगी क्रिकेट स्पर्धा चार वर्षं बंद राहिली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी विजय मर्चंट आणि एल. पी. जय उपलब्ध राहिले नाहीत, कारण नेते तुरुंगात होते. भारताची पहिली कसोटी लॉर्ड्सवर झाली ती त्यांच्याशिवाय. त्यांचं भांडण काही सी. के. नायडूंशी नव्हतं. तरी आपण त्यांना चुकीचं म्हणत नाही.

शरयू:

तुमच्याच उदाहरणावरून बघा. जे १९३२ ला गेले त्या नायडूंना तरी आपण कधी फितूर म्हटलं का? नाही ना? मग मातोशिचला वेगळं माप का? शिवाय १९३८ येईपर्यंत तो बहिष्कार केव्हाच संपला होता, क्रोएशियन खेळाडू युगोस्लाव्हियाकडून पुन्हा खेळत होते. जी बंदी अस्तित्वातच नव्हती ती मोडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवताय.

दर्यावर्दी:

शरयूताई, हा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो. १९३० आणि १९३८ मी एका दोरीत ओवायला नको होतं.

पण मग बोलोन्याचं काय? एप्रिल १९४१ मध्ये इटलीच्या फौजा स्प्लिटमध्ये शिरल्या. मे महिन्यात झाग्रेबच्या, हिटलर-मुसोलिनीच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या पावेलिच सरकारनं करारावर सही करून शहर मुसोलिनीला देऊनच टाकलं. इटालियनांनी हायदुकला नवं नाव देऊन आपल्या लीगमध्ये यायला सांगितलं. क्लबनं ठाम नकार दिला, खेळ थांबला. माझ्या मते जगातल्या कुठल्याही क्लबच्या इतिहासात अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट. आणि १९४२-४३ च्या हंगामात मातोशिच कुठे होता? इटलीत, बोलोन्याच्या जर्सीत. क्लब ज्या लीगला नाही म्हणाला त्याच लीगमध्ये. बेलग्रेडपेक्षा मला हे जास्त टोचतं.

अण्णा_सोलापूर:

क्लब नाही म्हणू शकतो, कारण क्लबला रात्रीची भाकरी लागत नाही. व्यापलेल्या शहरातल्या तेवीस वर्षांच्या माणसाला लागते. ज्या शहरावर इटलीनं कब्जा केलाय तिथल्या नावाजलेल्या खेळाडूकडे इटालियन क्लबचं बोलावणं येतं, तेव्हा त्याला 'ऑफर' म्हणायचं का, याचा आधी विचार करा.

आणि त्याच्या जोडीला झाग्रेबकडे बघा. ग्राजान्स्कीचा फ्रान्यो व्योल्फ्ल हा मातोशिचच्याच वयाचा, १९१८ चा. तो युद्धाआधी युगोस्लाव्हियाकडून खेळला, युद्धात पावेलिचच्या राज्याच्या टीमकडून खेळला आणि १९४८ ला परत युगोस्लाव्हियाच्या जर्सीत ऑलिंपिकचं रौप्यपदक घेऊन आला. तो तत्त्वशून्य होता म्हणून नाही. त्याच्या पायाखालची राज्यंच बदलत गेली. या पिढीतला एकही जण एका झेंड्याखाली सलग दहा वर्षं खेळला नाही.

मुक्ता:

सगळे बेलग्रेड आणि बोलोन्यात अडकलेत. व्हिसबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण गेली. स्प्लिटचे खेळाडू एकेक करून समुद्रमार्गे व्हिस बेटावर पोचायला लागले. व्हिस तेव्हा पार्टिझनांच्या, म्हणजे टिटोच्या कम्युनिस्ट लढवय्यांच्या, आणि ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. ७ मे १९४४ रोजी, म्हणजे स्प्लिटचे संत दुये यांच्या सणादिवशी, तिथे हायदुक पुन्हा उभा राहिला, या वेळी पार्टिझन सैन्याची टीम म्हणून. मातोशिच त्यात होता. २३ सप्टेंबरला इटलीतल्या बारीमध्ये ते ब्रिटिश सैन्याच्या टीमशी खेळले. समोर इंग्लिश लीगचे नावाजलेले खेळाडू, मैदान तुडुंब, ७-२ असे हरले. मला ते ७-२ फार मोलाचे वाटतात. बेटावर राहून, लढाईच्या मधल्या फटीत सराव केलेली पोरं होती ती. ज्या इटलीत वर्ष-दीड वर्षापूर्वी मातोशिच बोलोन्याच्या जर्सीत खेळला, त्याच इटलीत तो आता छातीवर पार्टिझनांचा लाल तारा लावून उतरला. पुढे हीच टीम माल्टा, इजिप्त, पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया असं फिरत खेळली. जीव मुठीत धरून व्हिसवर जाणाऱ्या माणसाला बोलोन्याचा हिशेब विचारायचा?

दर्यावर्दी:

विचारायचा, मुक्ता. दोन्ही विचारायचं. व्हिस लिहायचं आणि बोलोन्याही लिहायचं. व्हिसचं पारडं जड आहे हे मी आनंदानं मान्य करतो. माझा आग्रह एवढाच की दुसरं पारडं लपवू नका.

मुक्ता:

मग तिसरंही लिहा. युद्ध संपल्यावर हायदुकला बेलग्रेडला हलवून सैन्याचा क्लब करायचा विचार होता. क्लबनं नकार दिला. आपली जागा स्प्लिट. सैन्यानं मग १९४५ मध्ये पार्टिझान काढला. आणि मातोशिच, ज्याला बेलग्रेड माहितीचं होतं, तिथली लीग जिंकून आलेला होता, तो स्प्लिटलाच राहिला. पस्तिशी उलटली तरी खेळत होता.

कट्ट्यावरचा:

१९५० राहिलं की! मी आतापर्यंत विरुद्ध बाजूनं भांडलो, पण हे मलाच लिहू द्या.

ऑक्टोबर १९५०. हायदुक विरुद्ध बेलग्रेडचा रेड स्टार, स्प्लिटमध्ये, लीग कोणाची ते ठरवणारा सामना. तेव्हाच हायदुकच्या चाहत्यांनी तोर्सिदा नावाचा गट काढला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप झाला होता, नाव तिथल्या प्रेक्षकांवरून. २९ तारखेला सामना झाला, हायदुक २-१ जिंकला. त्या मोसमात एकही सामना न हरता लीग घेतली, कॅप्टन मातोशिच. आणि बक्षीस काय मिळालं? सरकारला त्या गर्दीत क्रोएशियन राष्ट्रवाद दिसला. तोर्सिदाच्या एका म्होरक्याला तुरुंगात टाकलं आणि मातोशिचला कम्युनिस्ट पक्षातून काढून टाकलं. व्हिसवरून लाल तारा लावून आलेल्या माणसाला!

म्हणजे राजाच्या राज्यात बेलग्रेडला गेला म्हणून आपण त्याला बोल लावतोय, आणि मार्शल टिटोच्या राज्यात स्प्लिटचा फार झाला म्हणून पक्षानं बोल लावला. मी बेंचिचबद्दलचं मत बदलत नाही. पण मातोशिचबद्दल जरा घाई केली.

शरयू:

एक तारीख सांगते. मातोशिच जन्मल्यावर सहाच दिवसांनी, १ डिसेंबर १९१८ ला, बेलग्रेडमध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन लोकांचं राज्य जाहीर झालं. तो गेला २९ ऑक्टोबर १९९८ ला. त्याच्या साडेतीन महिने आधी क्रोएशिया स्वतःच्या नावानं पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळून तिसरा आला होता. स्वतः मातोशिच मात्र एकही वर्ल्ड कप खेळला नाही.

दर्यावर्दी:

२९ ऑक्टोबर. रेड स्टारच्या सामन्याचीच तारीख, बरोबर ४८ वर्षांनी. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवशी मैदानावर मी कारकुनाला विचारलं होतं, तुम्ही त्याला खेळताना बघितलंय का. म्हणाला, वडिलांच्या खांद्यावर बसून. त्यानंतर तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभा होता. बेलग्रेडचं मी त्याला विचारलं नाही, तेव्हा ते मला माहीतच नव्हतं. पुन्हा भेट झाली तर विचारीन.